घाटमाथ्याची मेढ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा माणसं आधी चालत आणि रस्ता मागाहून तयार होई. आता उलटं असतं. आता रस्ता आधी होतो आणि त्यावरून पहिलं कोण जाणार याची भांडणं मागाहून होतात.

तर त्या काळी एक राज्य होतं. त्याच्या पूर्वेला माणसांची दाटी, पश्चिमेला मोकळं रान, आणि दोहोंच्या मध्ये आडवा पडलेला डोंगर. पूर्वेकडे माणसं इतकी वाढली की बांधावर पाय ठेवायला जागा उरेना आणि भाऊ भावाच्या जिवावर उठू लागले. तेव्हा राजानं दवंडी पिटली, "डोंगरापलीकडं नदी आहे, काळी माती आहे, आणि ती कसायला हात नाहीत. जो आधी जाऊन मेढ रोवील त्याची जमीन!"

मेढ म्हणजे घराचा पहिला खांब. तो उभा राहिला की घराचा मुहूर्त झाला. पण राजा दूधखुळा नव्हता. बडे लोक गादीवर लोळत नोकरांना पाठवतील आणि नदीकाठ गिळून बसतील, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं अट घातली. मेढ घाटमाथ्यावरच्याच झाडाची हवी आणि ती स्वतःच्या गाडीमागून खाली आणलेली हवी. शिवाय तिसरं पीक निघेपर्यंत ती जागची हलता कामा नये. हलली, की जमीन सरकारजमा.

ऐकायला नियम झकास होता. बरेचसे नियम ऐकायला झकासच असतात.

मग तांडे निघाले. गाड्यांत नांगर, बियाणं, जाती, कोंबड्यांच्या डालग्या आणि वर बसलेली म्हातारीकोतारी. घाटमाथ्याखालचा पहिलाच उतार असा उभा होता की लोक त्याला घसरण म्हणत. तिथं भरली गाडी बैलांच्या अंगावर जायची. म्हणून माणसं माथ्यावर एक झाड तोडत आणि साखळीनं गाडीमागे बांधत. झाड जमीन ओरबाडत मागून फरफटत येई आणि गाडीला आवरून धरी. खाली पोचल्यावर त्याच झाडाची मेढ होई. एका दगडात दोन पक्षी.

माथा मात्र गाडीगणिक एक झाड हरवत होता. ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं, कारण त्या लोकांची एक समजूत होती. घाट उतरलेल्यानं पुन्हा चढायचं नाही. चढला तर त्याचं नशीब रुसतं. त्यामुळे माथ्याचं काय झालं हे खालच्या कुणी कधी पाहिलंच नाही.

होता होता माथ्यावर एकच जाणतं झाड उरलं. घसरणीच्या अगदी ओठावर उभा असलेला एक अंजन. अंजनाचं लाकूड लोखंडासारखं. तो शिल्लक राहिला कारण त्याच्याशी एक म्हातारी राहत होती. गाडी आवरण्याजोगं जड झाड न मिळालेल्यांसाठी तिच्याकडे अंबाडीचा जाडजूड दोरखंड होता. त्याचं एक टोक ती गाडीला बांधायला लावी, मधला भाग अंजनाला वेढे देऊन घेई आणि दुसरं टोक चार माणसांच्या हाती देई. माणसं दोर हळूहळू सोडत, अंजन त्याला करकचून धरून ठेवी, आणि गाडी घसरणीवरून पाळण्यासारखी खाली जाई. वर्षानुवर्षं दोर घासून अंजनाच्या अंगाला सभोवार खाच पडली होती. म्हातारी कुणाकडून काही घेत नसे. तिचा एकच हट्ट होता, गाडी नंबरानं उतरेल. आणि एकच प्रश्न ती प्रत्येक म्होरक्याला विचारी, "तुझ्यामागं कोण येणारंय?"

रुमाजी नावाचा एक गडी असाच तांडा घेऊन माथ्यावर आला. अंगानं धिप्पाड, बोलण्यात गोड आणि स्वभावानं उतावळा. मागे गावात त्याची आई होती, आणि बायको भिवरा, दिवस गेलेली. आधी आपण जाऊन जागा धरू, घर बांधू, मग त्यांना आणू, असा बेत. त्यात वाईट काही नव्हतं.

माथ्यावर येऊन बघतो तर मेढीजोगं झाड कुठंच नाही. तांड्यातली माणसं कुऱ्हाडी घेऊन माथ्यावरच्या लांबच्या खोऱ्यात झाडं धुंडाळायला गेली. म्हातारी घागर घेऊन झऱ्यावर गेली. रुमाजी एकटा गाड्या राखत बसला. तेवढ्यात त्याला पूर्वेला धूळ दिसली. दुसरा तांडा येत होता. मोठा तांडा.

त्यानं पश्चिमेला पाहिलं. खाली नदी उन्हात चमकत होती. वळणावरची एक जागा त्याला माथ्यावरूनही दिसत होती. काळीभोर, सपाट, पाण्याला लागून. मग त्यानं अंजनाकडे पाहिलं.

म्हातारी परत आली तेव्हा कुऱ्हाड बुंध्यात निम्म्यापर्यंत शिरली होती. तीही जमिनीलगत, कारण मेढ लांब हवी.

"अरे लेका, काय केलंस हे?"

रुमाजी घामानं निथळत होता. त्यानं कुऱ्हाड थांबवली नाही. "आता अर्धा तुटलाय आजी. आता ह्यो दोर धरायचा न्हाई. पुरता तोडू दे."

"तू म्होरक्या ना? म्होरक्या शेवटी उतरतो. तुझ्या तांड्यानं काय करायचं?"

"ते जवान आहेत. उतरतील."

म्हातारी घागर खाली ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. "आणि तुझ्यामागं कोण येणारंय?"

"येणाऱ्याची काळजी येणाऱ्याचा म्होरक्या करील," रुमाजी म्हणाला आणि त्यानं पुढचा घाव घातला.

अंजन पडला तेव्हा कडाडला नाही. थोडा कण्हल्यासारखा आवाज झाला, एवढंच. रुमाजीनं तो गाडीमागे बांधला आणि तो घसरण उतरला. तांड्यातले लोक मेढीपुरती बारीक झाडं घेऊन खोऱ्यातून परत आले तेव्हा म्होरक्या नव्हता, अंजनही नव्हता. त्यांनी गाड्या मोडल्या, चाकं वेगळी केली, ओझी डोक्यावर घेतली आणि कित्येक खेपा करून सामान उतरवलं. हैबती नावाच्या रुमाजीच्या शेजाऱ्यानं बैल हातानं धरून उतरवायला घेतले. त्यातला एक बैल पाय निसटून दरीत गेला. म्हातारी त्यांना वाट दाखवत राहिली.

खाली रुमाजीनं वळणावरच्या जागेत मेढ रोवली. राजाच्या अंमलदारानं ताशा वाजवून जागा त्याच्या नावे पुकारली. पहिलंच पीक असं आलं की कणगी भरून दाणे उरले. बाकीच्यांना मिळाली ती माळाची, खडकाळ जमीन. ते रुमाजीशी भांडले नाहीत. फक्त त्याच्या दारावरून जाताना त्यांची बोलणी थांबत, आणि दार मागे पडलं की पुन्हा सुरू होत. भांडण परवडलं, असं रुमाजीला वाटे.

आणखी एक गोष्ट त्याला छळत होती. मेढीवरची ती दोराची खाच. घरात कुठंही बसलं तरी नेमकी डोळ्यांसमोर. त्यानं ती शेणामातीनं लिंपली. माती वाळली, तडकली आणि गळून पडली. पुन्हा लिंपली, पुन्हा पडली. अंजनाचं लाकूड माती धरत नसावं, असं त्यानं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काहीही समजावू शकतो.

मुलगा झाल्याचा सांगावा आला तेव्हा त्यानं राजाच्या जासुदाहाती उलट सांगावा धाडला, "आता निघून या. नदीकाठचं घर आहे. घाटाला भिऊ नका." अंजनाबद्दल तो काही बोलला नाही. काय बोलणार होता?

उन्हाळा भरात आला. एके दिवशी सकाळीच माथ्यावर धूर दिसला. एक धूर म्हणजे तांडा आला. रुमाजीनं अंगण झाडलं, नवी मडकी भरून ठेवली. मग पहिल्या धुराशेजारी दुसरा धूर उठला. दोन धूर म्हणजे संकट.

सगळा गाव नदीकाठी गोळा झाला. वरून वाऱ्याबरोबर बैलांचं हंबरणं येत होतं. हे नेहमीचं हंबरणं नव्हतं. ते थांबतच नव्हतं.

थोड्या वेळानं घाटातून एक माणूस धडपडत आला. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. तो सरळ नदीत शिरला, पोटभर पाणी प्याला आणि मग बोलला.

"वरचा झरा आटलाय. झाडं गेली, मागं झराबी गेला. कालपासून बैलांच्या तोंडात पाण्याचा थेंब न्हाई. आन् ह्या नदीचा वास त्यांना तिथवर येतोय. आवरंनात. पुढची गाडी घसरणीच्या तोंडावर गेलीय. पुढची चाकं उतारावर, मागच्या चाकांखाली आम्ही दगड लावलेत. जुवाच्या दोऱ्या तोडून बैल सोडवले कसेबसे. म्हातारीनं दोर बांधलाय गाडीला, पर तो वेढायला झाडच न्हाई. बुडखा जमिनीलगत हाय, दोर वर निसटतोय. सकाळपासून माणसं नुसत्या हातानं दोर धरून बसल्यात."

"गाडीत कोण आहे?" हैबतीनं विचारलं.

"एक म्हातारी. वाटेत पडली, खुब्याचं हाड मोडलंय. तिच्या मांडीवर तान्हं पोर. आत कुणी हललं की दगड सरकतो, म्हणून त्यांना काढताबी येईना." तो दम खाऊन पुढे म्हणाला, "पोराची आई दोर धरणाऱ्यांत सगळ्यांत पुढं हाय. भिवरा म्हणून. तिचा दादला हितंच असतो म्हणं. आन् एक सांगा, दोराचं झाड तोडलं ते कुणी?"

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या, आणि ते त्या परक्या माणसालाही पुरेसं झालं.

आपण वर त्या म्हातारीला काय म्हणालो होतो ते रुमाजीला शब्द न् शब्द आठवलं. येणाऱ्याची काळजी येणाऱ्याचा म्होरक्या करील. येणारं कोण होतं? त्यानं अजून तोंडही न पाहिलेलं त्याचं पोर.

तो घराकडे पळाला. लोकांना वाटलं, तोंड लपवायला गेला. पण तो पहार घेऊन बाहेर आला आणि मेढीच्या बुडाशी खणू लागला.

अंमलदार धावत आला. "रुमाजी, शुद्धीवर ये. मेढ उपटलीस की जमीन गेली. नियम मी केलेला नाही आणि तो मोडायचा अधिकार मला नाही."

"जाऊ द्या."

"पीक अजून उभं आहे तुझं."

"जाऊ द्या म्हटलं ना, अंमलदार."

मेढ हलली तसं छप्पर एका बाजूनं कललं आणि घर बसलं. आत भरून ठेवलेली मडकी फुटली ती सगळ्यांना ऐकू आली. रुमाजीनं तिकडे पाहिलं नाही. त्यानं मेढीला साखळी बांधली, आपले बैल जुंपले आणि ओढायला लावले. बैलांनी जोर केला. मेढ थोडी सरकली आणि अडली. उतारावरून आणलेलं ओझं चढावर न्यायचं, तर एक जोडी पुरणारी नव्हती.

रुमाजी हैबतीसमोर जाऊन उभा राहिला. हात जोडायला त्याचे हात उठेनात. "हैबती, तुझी जोडी दे."

हैबतीचा चेहरा दगडासारखा झाला. "माझा बैल जिथनं गेला तिथंच आता दुसरा न्यायचा? आन् ते कुणासाठी? तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी नको देऊ."

हैबतीनं वरच्या दोन धुरांकडे पाहिलं. मग तो बाकीच्यांकडे वळला. "ज्यांनी सकाळपासून दोर धरलाय त्यांच्यासाठी देतो," तो म्हणाला. "जो वर येईल त्यानं पाण्याची पखाल घ्या. आन् उतरलेला चढत न्हाई हे कुणी मला आज सांगू नका."

त्या गावात घाट चढणारी ती पहिली माणसं. कित्येकांचे ओठ देवाचं नाव घेत होते. बैल मेढ ओढत होते, माणसं मागून खांदा देत होती, आणि साखळी दगडांवरून खणखणत होती. अर्ध्या वाटेवर वरून एक गाडी आली. रिकामी, बैलांशिवाय. रांगेतली कुठली तरी मागची गाडी रेटारेटीत सुटली होती. ती उड्या घेत त्यांच्या डाव्या हाताच्या कड्यावरून खाली गेली. दाण्याचं पोतं वाटेत फुटलं आणि ज्वारी दगडांवरून पावसासारखी वाजत राहिली. रुमाजी जागीच थिजला. गाडीत कुणी नव्हतं हे त्यानं पाहिलं होतं, तरीही त्याला पाऊल उचलेना.

"चल," हैबतीनं मागून ढकललं. "तुझी न्हवं ती. चल."

घसरणीच्या पायथ्याशी बैल थांबले. वरचा चढ जनावराला शक्यच नव्हता. माणसांनी मेढ खांद्यावर घेतली आणि गुडघ्यांवर, कोपरांवर सरपटत ते वर गेले.

वर गाडी जमिनीच्या ओठावर तिरकी टेकलेली होती. मागे रांगेनं बसलेल्या माणसांच्या हातांत दोर. सगळ्यांत पुढे भिवरा, टाचा मातीत रोवून मागे रेललेली. तिच्या तळव्यांतून रक्त येऊन दोर तिथं काळा पडला होता. तिनं नवऱ्याला पाहिलं. बोलायला श्वास खर्च करण्याजोगी परिस्थिती नव्हती.

म्हातारी मात्र बोलली. तिनं मेढ पाहिली, त्यावरची खाच पाहिली आणि म्हणाली, "आणलास होय रे परत? मग उभा काय राहतोस? खण."

बुडख्याला लागून त्यांनी खड्डा खणला. मुरूम कठीण होता, पहारीच्या ठिणग्या उडत होत्या. मागून आणखी एका गाडीचे बैल बिथरले आणि पुढच्या गाडीला भिडले. रांगभर धक्का आला. ओठावरच्या गाडीखालचा एक दगड निसटून गडगडत गेला. गाडी बोटभर पुढे सरकली. दोर धरलेले सगळे बोटभर पुढे घसरले. गाडीतून पोराच्या रडण्याचा आवाज आला आणि लगेच त्यावर एका म्हातारीचा, थकलेला पण ठाम, "उगी. उगी राजा. हलायचं न्हाई."

आपल्या आईचा तो आवाज ऐकून रुमाजी पहार टाकून गाडीकडे धावणार होता. हैबतीनं त्याचं मनगट धरलं. "तिकडं जाऊन काय करशील? हितं खण."

त्यानं खणलं. मेढ खड्ड्यात उतरली. चारी बाजूंनी दगड ठोकून बसवले. जुन्या बुडख्याला साखळीनं आवळली. एका झाडाचे दोन तुकडे होते ते, एकमेकांना टेकून उभे राहिले. हैबतीनं दोराची सैल बाजू उचलून मेढीला वेढे दिले. दोर जरा वर सरकला, जरा खाली सरकला आणि आपला आपण जुन्या खाचेत जाऊन बसला.

"सोडा आता हात," म्हातारी म्हणाली.

बाकीच्यांनी सोडले. भिवरा सोडेना. बोटं दोराभोवती आखडून बसली होती. रुमाजीनं जवळ बसून एकेक बोट उलगडलं. भार मेढीवर आला. मेढ करकरली, दगडांत थोडी कलली आणि थांबली.

"पाणी," म्हातारी म्हणाली. "कोरडा दोर जळून तुटतो. आधी दोराला पाणी."

एका पखालीतून तान्ह्याच्या ओठांना लांबूनच, काठीच्या टोकाला बांधलेल्या ओल्या फडक्यानं थेंब पोचवले. बाकीचं सगळं पाणी दोरावर आणि मेढीवर ओतलं. तहानलेले बैल बघत राहिले आणि त्यांच्या जिभा बाहेर लोंबत होत्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पण गाडी उतरल्याशिवाय वाट मोकळी होणार नव्हती, आणि वाट मोकळी झाल्याशिवाय बैल नदीवर पोचणार नव्हते.

चार माणसांनी दोराचं टोक धरलं. चाकांखालचे दगड काढले. गाडी घसरणीवर झुकली, दोर ताणला, खाचेतून वाफ निघू लागली. "हळू," म्हातारी म्हणत होती. "अजून हळू." रुमाजी गाडीच्या बाजूनं घसरत, धडपडत, साटीच्या फळीला एक हात लावून उतरत होता. त्या हातानं गाडी थांबणार नव्हती हे त्यालाही माहीत होतं. तरी त्यानं तो काढला नाही.

गाडीच्या आतून आईनं त्याला पाहिलं. "रुमा," ती म्हणाली, "तू तर आधीच उतरला व्हतास ना रे?"

चाकं सपाटीला लागली तेव्हा तो गाडीच्या धुरेला कवटाळून रडला, अगदी मोठ्यानं, चारचौघांत. आईनं पोर त्याच्या हातात दिलं. पोरानं त्याची मिशी धरून ओढली.

मग त्यानं पोर मागोमाग उतरलेल्या हैबतीकडे दिलं आणि तो पुन्हा वर चढला, कारण मागे गाड्या होत्या. एकेक करून त्या सगळ्या उतरल्या. दिवस मावळला, दुसरा उगवला, तरी काम चालूच होतं. हात बदलत होते, मेढ तीच होती. सगळ्यांत शेवटी त्या तांड्याचा म्होरक्या उतरला. तेव्हा कुठं रुमाजी खाली आला आणि आपल्या बसक्या घरासमोर उभा राहिला.

अंमलदार तिथंच होता. पाषाणहृदयी माणूस नव्हता तो, फक्त नियमाचा माणूस होता. इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, "मी अजून वर कळवलेलं नाही. झालं गेलं नदीला मिळालं. मेढ परत आण, होती तिथं रोव. मी काही पाहिलं नाही."

भिवरा तळव्यांना पट्ट्या बांधून शेजारी उभी होती. तिनं ती काळीभोर जमीन पाहिली, उभं पीक पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. रुमाजी वर माथ्याकडे पाहत होता. मेढ इथून काडीएवढी दिसत होती. आणि तिच्याही पलीकडे, पूर्वेच्या आभाळात, धूळ उठत होती.

"माझी मेढ रोवून झाली, अंमलदार," तो म्हणाला.

जमीन सरकारजमा झाली. रुमाजी आई, बायको, पोर घेऊन घाटमाथ्यावर राहायला गेला. नशीब रुसलं की नाही ते तिथंच कळणार होतं. "नदीकाठच्या घराचं सांगून आणलंत," भिवरा म्हणाली, "आन् ठेवलंत डोंगराच्या टकलावर." पण दोराला पाणी मारायला सगळ्यांत आधी उठे ती तीच.

अंमलदारानं घडलं ते राजाच्या कानावर घातलं. राजानं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली, कारण या चुकीचं मूळ त्याच्या झकास नियमात होतं. त्यानं नियम बदलला. आता जमीन मिळे ती झाड तोडून नेणाऱ्याला नव्हे, तर माथ्यावर झाड लावून ते जगवणाऱ्याला. मग घसरण टाळून वळणावळणाचा रस्ता खोदला गेला, त्याला दगडी कठडे आले, आणि पूर्व-पश्चिम गाड्या जाऊ-येऊ लागल्या. उतरलेला पुन्हा चढू लागला. काही वर्षांनी झऱ्यालाही पाझर फुटला, आधी ओल, मग धार.

नवा रस्ता झाला तरी जुनी मेढ कुणी काढली नाही. तिच्याशेजारी रुमाजीनं अंजनाचं बी लावलं होतं. म्हातारी गेल्यावर येणाऱ्या म्होरक्यांना पाणी तोच देई. आणि पाण्याचा तांब्या हातात देताना प्रत्येकाला एकच विचारी, "तुझ्यामागं कोण येणारंय?"

कुणी म्हणे, माझा भाऊ. कुणी म्हणे, म्हातारे आईबाप. एखादा उतावळा म्हणे, "मला काय माहीत?" अशाला रुमाजी मेढीवरच्या खाचेवर हात ठेवायला सांगे आणि ही सगळी गोष्ट सांगे, स्वतःचं नाव न वगळता.

तात्पर्य : मागून येणाऱ्यांचा आधार जो तोडतो, तो आपल्याच माणसांची वाट तोडत असतो.